पाण्याचा वाक

तपासनिसाने पेटी उघडली, आतला तांबडा गोळा काढला, त्याला दोन काड्या आणि काड्यांच्या टोकांना दोन पांढऱ्या गोळ्या लावल्या, आणि ते सगळं टेबलावर ठेवून म्हणाला, "हे वाकडं आहे."

थोरलीने आधी गोळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटाकडे, मग बोटाच्या मालकाकडे.

"आहेच वाकडं," ती म्हणाली. "पाणी आहे ते."

"पाणी?"

"पाण्याचा रेणू. पेटीवर छापलंय. चष्मा लावा."

तिच्या शेजारी उभे असलेले भावजी, म्हणजे तिचे धाकटे दीर, हळूच खाकरले. वहिनीची जीभ सुटली की खाकरायचं, एवढंच शस्त्र त्यांच्याकडे होतं आणि आजवर ते एकदाही चाललेलं नव्हतं.

थोरली ही त्या घरातली थोरली सून. सासू-सासरे गेले, नवरा गेला, थोरलेपण मात्र तिच्याकडेच राहिलं, आणि नावही तेच पडलं. घरामागच्या कारखान्यात लाकूड कातायची तीन यंत्रं आणि भोकं पाडायचं एक. पूर्वी तिथे खणांच्या मुठी व्हायच्या, बुद्धिबळातले हत्ती-घोडे व्हायचे. गेली एकोणीस वर्षं मात्र शाळांना लागणारे रेणूंचे नमुने व्हायचे. काळा गोळा कार्बनचा, निळा नायट्रोजनचा, तांबडा ऑक्सिजनचा, पांढऱ्या गोळ्या हायड्रोजनच्या. काळ्याला चार काड्या, निळ्याला तीन, तांबड्याला दोन. यंदा असे चारशे संच भरून इथे, शाळांसाठी माल घेणाऱ्या भांडारात आले होते, आणि ते पास झाले की गावोगावच्या शाळांत जाणार होते.

तपासनीस काही नालायक माणूस नव्हता. बाकाचा पाय डुगडुगतोय, फळ्याला आतून तडा गेलाय, तराजूचं पारडं जड आहे, हे तो डोळे मिटून सांगायचा. पण शाळेत जाणारी प्रत्येक वस्तू त्याला बाकासारखी वाटायची. सगळीकडून सारखी टेकली की पास.

"हे बघा मावशी..."

"मी तुमच्या आईची बहीण नव्हे. पुढे बोला."

त्याने फाइलीतून नमुनापत्र काढलं. कागदावर मधोमध एक मोठं वर्तुळ, डावीकडे एक छोटं, उजवीकडे एक छोटं. तिन्ही एका रेषेत, तराजूच्या दांडीसारखी. त्याखाली नायट्रोजनच्या अमोनियाचं चित्र, पंख्याच्या तीन पात्यांसारखं, सारखं पसरलेलं. "यंदापासून मंजूर नमुना हा आहे. पाणी सरळ. अमोनिया सपाट. तुमचं पाणी कमरेत मोडलंय, आणि तुमचा अमोनिया तिपाईसारखा उभा राहतोय."

"कागद सपाट असतो, साहेब. कागदावरचा घोडासुद्धा चपटाच असतो. म्हणून कुणी घोड्याची घडी घालून कपाटात ठेवत नाही."

मागच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला, आणि साहेबांनी मान वळवताच टाचण्या मोजू लागला.

"हसण्यावारी नेऊ नका," तपासनीस म्हणाला. त्याने निळा गोळा उचलून उजेडात धरला आणि नखाने एका जागी टोकरलं. "आणि हे काय? इथे भोक पाडून वर खुंटी ठोकलीय. तांबड्यात तर दोन-दोन. चुकीच्या जागी भोकं पडली, ती बुजवून टाकली, वर पॉलिश मारलं. मी काय काल भरती झालोय असं समजता?"

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजवर कुणी तिला तोंडाळ म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं, पाठीमागे तर काय काय म्हटलं असेल ते म्हणणाऱ्यांनाच ठाऊक. पण बुजवाबुजवी करणारी कारागीर असं कुणीच म्हटलं नव्हतं.

"ती मुकी भोकं आहेत," ती म्हणाली. "मुद्दाम केलेली."

"मुकी?"

"तुम्हाला सांगून उपयोग नाही."

इथे तिचं चुकलं, आणि तेही नेहमीसारखंच. ज्याला कळत नाही त्याला सांगत बसण्यापेक्षा त्याला तसाच ठेवण्यात तिला जरा सुख वाटायचं. तपासनिसाने ते ओळखलं आणि खणातून एक टंकलेला कागद काढून तिच्यापुढे सरकवला. थोरली चौथीपर्यंत शिकलेली. तिने तो ओठ हलवत, एकेक शब्द सोडवत वाचला. 'सदर नमुन्यांतील भोके चुकीच्या जागी पाडण्यात आली व ती बुजवून दोष झाकण्यात आला, हे आम्हांस मान्य आहे. सर्व नमुने मंजूर चित्राप्रमाणे सरळ व सपाट करून आठ दिवसांत देऊ.' खाली सहीची रेघ.

"सोमवारी समिती बसते," तो म्हणाला. "मी आणि एका शाळेतल्या रसायनाच्या बाई. तोवर सही करून आणा. नाहीतर सगळा माल नामंजूर आणि कारखान्याचं नाव यादीतून बाद. एकदा बाद झालं की परत लागत नाही."

*

"करून टाका सही," घरी आल्यावर भावजी म्हणाले. "आपल्या बापाचं काय जातंय? सरळ म्हणतायत, सरळ करून देऊ. तांबड्याला समोरासमोर दोन भोकं, निळ्याला आडवी तीन. काम उलट सोपं."

"म्हणजे मुलांना खोटं पाणी द्यायचं?"

"मुलं ते पाणी पिणार आहेत का, वहिनी?"

सूनबाई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. थोरलीच्या मुलाची ती बायको, विज्ञान शिकून आलेली, आणि या घरात थोरलीला उलट प्रश्न विचारायची मुभा असलेली एकटी. "पाणी सरळ असतं ना काका, तर बहुधा प्यायला उरलंच नसतं," ती म्हणाली. "ऑक्सिजन दोन्ही हायड्रोजनांकडचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. रेणू वाकलेला आहे म्हणून त्या ओढीने त्याला दोन वेगळ्या बाजू येतात, आणि त्या बाजूंनी पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडून गेली असती. पेल्यात थांबायच्या ऐवजी सगळं पाणी हवेत."

"घ्या," थोरली म्हणाली. "सरळ करा आणि तहानेने मरा."

खरं म्हणजे मुक्या भोकांची सुरुवात काही ज्ञानातून झाली नव्हती, कंजूसपणातून झाली होती. पहिल्या वर्षी कारखान्यात एकच जिग होता. जिग म्हणजे भोकाची जागा चुकू नये म्हणून गोळा ज्यात पकडतात तो लोखंडी साचा. तो होता कार्बनचा, चार भोकांचा. निळ्या गोळ्याला तीनच हवी होती, तांबड्याला दोनच. पण दुसरा साचा कोण करणार? म्हणून सगळ्यांनाच चार पाडायची आणि जादाची बुजवायची. पुढे किती वर्षं तेच चाललं. मग सूनबाई आली. लग्नानंतर महिनाभराने ती कारखान्यात डोकावली, निळा गोळा हातात घेऊन उलटा-सुलटा केला, आणि एकदम म्हणाली, "आई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"काय?"

"चौथी जागा ठेवायची ते."

त्या दुपारी भुशाच्या पोत्यावर बसून तिने सासूला सगळं सांगितलं. नायट्रोजनच्या बाहेरच्या अंगाला इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या असतात. तीन जोड्या तो तीन हायड्रोजनांबरोबर वाटून घेतो. त्या आपल्या तीन काड्या. चौथी त्याची एकट्याची. ती कुणाशी जोडलेली नाही म्हणून तिला काडी नाही, ती दिसत नाही, पण जागा अडवतेच. आणि या जोड्यांचं आपसात जमत नाही. प्रत्येक जोडी दुसरीला ढकलते. म्हणून चारी जणी एकमेकींपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन बसतात.

"म्हणजे चार जावा," थोरली म्हणाली होती.

"काय?"

"चार जावा एका खोलीत कोंड. कुणी सांगायला नको, एक माळ्यावर चढेल आणि तिघी खाली तीन कोपरे धरतील. चौघींत सारखं अंतर. हाच तुझा चार भोकांचा गोळा."

सूनबाई आधी हसली, मग तिने गोळा पुन्हा उचलून पाहिला, कारण ते अगदी तसंच होतं. "आणि त्यातली एक कुणाशी बोलतच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला बाहेरून तिघीच दिसतात. पण चौथी माळ्यावर बसलीय म्हणून त्या तिघी सपाट पसरू शकत नाहीत. खाली दबून राहतात. म्हणून तिपाई."

"मुकी जाऊ."

"आणि ती जरा जास्तच जागा घेते, आई. जोडलेल्या जोडीला इकडून नायट्रोजन ओढतो, तिकडून हायड्रोजन. ती ताणली जाऊन बारीक होते. मुकीला एकच घर. ती पसरते आणि बाकीच्यांना रेटते."

"वाळणारच ती! सासर-माहेर दोन्हीकडून ओढली जाणारी बाई कधी बाळसं धरते का? आणि जिला जायला दुसरं दारच नाही, ती इथेच फतकल मारून बसणार." एवढं बोलून थोरली उठली होती, आणि कोन किती अंशांचा होतो ते सुनेला विचारलं होतं. काळा एकशे साडेनऊ, चौघी सारख्या. निळ्यात एक मुकी, म्हणून काड्या थोड्या जवळ रेटल्या, एकशे सात. तांबड्यात दोन मुक्या, म्हणून आणखी जवळ, एकशे साडेचार. तिने त्याच महिन्यात लोहाराकडून आणखी दोन जिग करून घेतले, आणि तिन्ही कोन पडताळायचे पत्र्याचे फर्मे स्वतः कातरले. बुजवायच्या खुंट्याही तेव्हापासून फिक्या लाकडाच्या, उठून दिसतील अशा. मुलाने गोळ्यावरून बोट फिरवलं की त्याला लागावं, इथे कुणीतरी बसलंय.

त्याला तपासनीस बुजवाबुजवी म्हणत होता.

"सही होणार नाही," थोरलीने भावजींना सांगितलं. "यादीतून नाव काढू दे, नाहीतर घरावरून गाढवाचा नांगर फिरवू दे. पाणी वाकडं आहे ते वाकडंच जाईल."

*

रविवारी दुपारी ती पॉलिशच्या खोलीत बसली. समितीला दाखवायला तिन्ही रंगांचे दोन-दोन उत्तम गोळे निवडायचे होते. भांडारात माल जाताना मागे ठेवलेले दहा जादा संच फळीवर होते. काळ्याला काड्या लावल्या, मधे फर्मा धरला. झाकणासारखा बसला. निळ्याला लावला. बसला. मनात ती तपासनिसाला एकेक वाक्य सुनावत होती आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा झणझणीत होत होतं.

तांबड्याला दोन काड्या लावून तिने मधे पत्रा धरला. एका काडीला तो चिकटला. दुसऱ्या काडीच्या टोकाशी उजेडाची फट दिसली.

पत्रा वाकला असेल, असं म्हणून तिने तो फरशीवर ठेवून पाहिला. पत्रा सरळ होता. दुसरा गोळा घेतला. फट. तिसरा. फट. दहाच्या दहा तांबड्यांना तेवढीच, सारखी, कुणी मोजून ठेवल्यासारखी फट. मग तिच्या मनात जे आलं ते यायला नको होतं. तिने काळ्याचा फर्मा उचलला आणि तांबड्यात घातला.

तो झाकणासारखा बसला.

"भावजी!"

भावजी दारात आले आणि काय झालंय ते त्यांना तिथूनच समजलं. इतकी वर्षं खाकरून वेळ मारून नेणारा माणूस. चेहरा मात्र त्याला कधीच झाकता आला नव्हता.

"तांबडे कुठल्या जिगवर पाडलेत?"

"वहिनी, तांबड्याचा बुश झिजला होता. ज्या नळीतून ड्रिल खाली येतं ना, ती आतून इतकी मोठी झालेली की ड्रिल थरथरायचं. नवीन यायला दहा दिवस लागणार होते."

"म्हणून काळ्याच्या जिगवर?"

"चारच तर भोकं! दोन बुजवायची. बुजवल्यावर सारखाच दिसतो की. मी स्वतः ओळखू शकत नाही."

"चारशेच्या चारशे?"

भावजींनी होकारार्थी मान हलवली.

"मला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काम थांबवलं असतं."

"अहो, मग सांगायचं कशासाठी असतं!" थोरलीचा आवाज अंगणापर्यंत गेला. "मी थांबवावं म्हणूनच सांगायचं असतं! काल तो माणूस माझ्या तोंडावर म्हणाला, दोष झाकलाय. मी ताठ मानेने घरी आले. आणि दोष माझ्याच घरात खुंटी ठोकून बसलेला!"

"पाच अंश, वहिनी," भावजी हात जोडल्यासारखे करून म्हणाले. "पाच अंश म्हणजे घड्याळाचा एक मिनिटसुद्धा होत नाही. तो उद्या काय कोन मोजणार आहे? त्याला वाकडं आणि सरळ एवढंच कळतं. तुम्ही म्हणा वाकडं बरोबर आहे, भांडा, जिंका, घरी या. पुढच्या वर्षी नवीन बुश घालू."

आवाज ऐकून सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "तू सांग. पाच अंशांनी काय बिघडतं?"

सुनेने तांबडा गोळा घेतला, मग काळा, आणि दोन्ही शेजारी धरले. सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला तोंडावर पाडायची तिची इच्छा नव्हती, हे दिसत होतं. "पाणी वाकडं असतं एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ आहे, आई. पण..."

"पण काय? पण गिळू नकोस."

"कार्बनमध्ये मुकी जोडी नाही, पाण्यात दोन आहेत. दोघांचा कोन सारखाच दिसला तर मुकी जोडी रेटते हे खोटंच पडलं. ती आहे, हे कळतं ते फक्त त्या पाच अंशांमधून."

थोरली खाली बसली. तिच्यापुढे दहा तांबडे गोळे होते, प्रत्येकावर दोन फिक्या खुंट्या, सुबक, गुळगुळीत. आणि त्या खुंट्यांना काही अर्थ नव्हता. त्या नुसत्या बसल्या होत्या, कुणाला रेटत नव्हत्या. खुंटी असून न रेटणारी, म्हणजे भोक बुजवलेलंच की. तपासनीस काहीही न कळता, चुकीच्या कारणाने, अर्धा बरोबर बोलून गेला होता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"उद्या मी सांगणार," ती म्हणाली.

"काय?" भावजींनी विचारलं.

"आहे ते."

"वहिनी, आपल्या हाताने त्याच्या हातात सुरी देताय! तो सगळा माल परत पाठवेल, नाव काढेल, आणि वर म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हतो?"

"म्हणू दे. त्याच्या सुरीने कापून घेईन, त्याच्या खोट्याने नाही."

*

सोमवारी समितीच्या टेबलामागे तपासनीस मधोमध बसला होता आणि त्याच्या डावीकडे रसायनाच्या बाई. बारीक चणीच्या, बाहीला खडू लागलेल्या, समोर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्या मान खाली घालून गुण देत होत्या. अशा बैठका म्हणजे बसल्या बसल्या पेपर उरकायची सोय, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

"सही आणली?" तपासनिसाने विचारलं.

"नाही." थोरलीने पिशवीतून तीन नमुने काढून टेबलावर मांडले आणि सरळ बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही शिकवता. पाणी सरळ असतं की वाकडं?"

बाईंचं लाल पेन थांबलं. त्यांनी तपासनिसाकडे पाहिलं. "तसं पाहिलं तर नमुनापत्रातली आकृती..."

"आकृतीचं मी विचारलं नाही. मुलांनी पेपरात सरळ लिहिलं तर गुण देता का कापता?"

"कापते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे वाकडं."

"वाकडं."

तपासनीस खुर्चीत पुढे सरकला. "बाई, मागच्या वर्षी याच नमुनापत्रावर तुमची सही आहे."

"मी पाहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे कान लाल झाले.

"आता पाहा," थोरली म्हणाली. "वाकडं ते किती?"

"एकशे चार पूर्णांक पाच अंश."

थोरलीने पत्र्याचा फर्मा त्यांच्यापुढे ठेवला. "हा तेवढाच आहे. माझ्या पाण्याला लावून बघा."

मागे भावजी पुन्हा खाकरले. हे खाकरणं वेगळं होतं. बुडणारा माणूस करतो तसं. बाईंनी पत्रा काड्यांच्या मधे धरला, खिडकीकडे वळवला, परत धरला. "जास्त आहे," त्या हळूच म्हणाल्या. "एकशे नऊच्या आसपास असेल."

"एकशे साडेनऊ. चारशेच्या चारशे तांबडे. साचा झिजला म्हणून आमच्याकडे कार्बनच्या साच्यावर पाडले गेले."

 मग तपासनिसाच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. "म्हणजे दोष आहे! आणि तुम्ही परवा केवढ्या तावातावाने बोलत होता! करा सही." त्याने तोच टंकलेला कागद पुन्हा सरकवला.

"यावर नाही."

"अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणाले पाण्याचा वाक कमी पडला. तुमचा कागद म्हणतो पाणी वाकलंच कशाला. मी वाक कमी दिलाय, तुम्ही म्हणता देऊच नका."

"दोष तो दोष. कारण कुठलंही असो, माल नामंजूर होतोच आहे. मग एवढा अट्टहास कशाला?"

"कारण कुठलंही कसं असेल?" थोरलीने दोन्ही हात टेबलावर टेकले. "हा कागद फाइलीत जाणार. उद्या दुसरा कुणी कारागीर येईल, त्याला थोडीफार अक्कल असेल, तो वाकडं पाणी आणेल. तुम्ही हा काढून दाखवाल, हे बघा, एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईने लिहून दिलंय, पाणी सरळ असतं. तोही सरळ करेल. मग सगळ्या शाळांतून सरळ पाणी. माझी चूक मी भरीन, साहेब. तुमची चूक माझ्या सहीने नाही भरणार."

"शब्द सांभाळून!"

"सांभाळूनच बोलतेय. न सांभाळता कशी बोलते ते यांना विचारा." तिने मान न वळवता भावजींकडे अंगठा केला. भावजींनी, कुणी विचारलं नसताना, जोरात मान डोलावली.

तपासनिसाने बाईंकडे पाहिलं. "तुम्ही समितीच्या सदस्य आहात. तुमची सही घेऊन मी माल नामंजूर करू शकतो. यांच्या सहीवाचूनही."

"या कारणाखाली मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. "निळा नमुना बरोबर आहे. काळा बरोबर आहे. बुजवलेली भोकं म्हणजे एकाकी जोड्या आहेत, आणि इतक्या सोप्या रीतीने मी त्या कुठे पाहिल्या नाहीत. तांबडा चुकला आहे, पाच अंशांनी. एवढंच लिहा. त्याखाली मी सही करते."

"एवढंच लिहायला माझ्याकडे छापील नमुना नाही!"

"मग कोऱ्या कागदावर लिहा," थोरली म्हणाली. "हात आहे ना?"

कारकुनाने कोरा कागद आणून दिला, आणि यावेळी तो हसला नाही. तपासनीस लिहू लागला. थोरली खुर्चीवर न बसता त्याच्या समोरच उभी राहिली आणि उलट्या बाजूने अक्षरं सोडवू लागली.

"'भोके बुजवून' कशाला लिहिता? खोडा."

"मग काय लिहू?"

"'बुजवलेली भोके मुद्दाम ठेवलेली आहेत.' ते आधी लिहा."

त्याने दात आवळून लिहिलं. "आठ दिवसांत दुरुस्त करून..."

"वीस. साच्याचा बुश यायलाच दहा दिवस. घाईनेच तर ही वेळ आणली."

"वीस," बाई म्हणाल्या.

"वीस," तपासनीस म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो. आजच्या तारखेला माल नामंजूर. आणि वीस दिवसांनी एक जरी गोळा चुकला तर नाव यादीतून जाईल. तेव्हा मी कुणाचं ऐकणार नाही."

"ऐकूही नका. फर्मा इथे ठेवून जाते. एकेक गोळा लावून बघा. ज्यात फट दिसेल तो माझ्या कपाळावर मारा." ती थांबली. "आणि ज्यात दिसणार नाही, त्याला पुन्हा वाकडा म्हणायचं नाही."

तपासनिसाने कागद फिरवून तिच्यापुढे केला. 'बुजवलेली भोके मुद्दाम ठेवलेली आहेत. पाण्याच्या नमुन्यातील कोन पाच अंशांनी जास्त आहे, म्हणून माल आज नामंजूर. कोन कमी करून वीस दिवसांत देऊ. नमुना सरळ केला जाणार नाही.' शेवटचं वाक्य त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याने आपणहून लिहिलं होतं, बहुतेक तिने आणखी एक कागद मागू नये म्हणून.

थोरलीने ते मोठ्याने वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, वाटेत दोनदा अडखळून, आणि तिला कुणीही घाई केली नाही. मग स्वतःच्या मालाच्या नामंजुरीखाली तिने सही केली. बाईंनी केली. तपासनिसाने हात पुढे केला, तरी शाई वाळेपर्यंत तिने कागद सोडला नाही.